नेनेकाकांची स्वयंपाकघरातली धाड

इंदिरा नगरात आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे नेनेकाका लग्नाला जाताना एक वेळ अहेर विसरतील, पण झोळीतला स्टीलचा पेला विसरायचे नाहीत. चहा प्लास्टिकच्या कपात आला की ते पेला पुढे करून वाढप्याला म्हणायचे, "भैया, इसमें." कप नवा आहे, धुतलेला आहे, असं तो बिचारा शपथेवर सांगायचा. काका म्हणायचे, "गरम आणि प्लास्टिक, यांची सोयरीक नको." लखनौच्या आम्हा मराठी मंडळींना हे वाक्य पाठ झालं होतं.

ही गोष्ट सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची. काका रेल्वेतून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले. प्लास्टिकमधली, फवाऱ्यांतली काही रसायनं शरीरात शिरून हार्मोन्सच्या कामात लुडबूड करतात, असं त्यांनी कुठल्याशा इंग्रजी मासिकात वाचलं. रुळांची तपासणी सुटली होतीच, आता आमच्या फडताळांची सुरू झाली.

भाजीसाठी ते टेम्पोने थेट शहराबाहेरच्या बख्शी का तालाब गावाला जायचे आणि शेतकऱ्याला बांधावर गाठून विचारायचे, "दवा कब मारी?" एकाने ऐकवलं, "बाबूजी, दवा अपने लिए नहीं जुटती, भिंडी को कहाँ से दें." काकांनी खूश होऊन त्याची पोतंभर भेंडी उचलली. आठवडाभर अख्खी बिल्डिंग भेंडी खात होती.

माझ्या बायकोला, वसुधाला, दिवस गेले आणि काकांच्या उत्साहाला ऊत आला. नेलपॉलिश गेलं, झुरळांचा फवारा गेला, हजरतगंजातून हौसेने आणलेली सेंटची बाटलीही गेली. लोणच्याला चिनी मातीची बरणी आली. वसुधा हसून सोडून द्यायची. मला मात्र राग यायचा. माझ्या घरात माझंच काही चालेना.

डोहाळजेवणाला सासूबाई सांगलीहून आल्या, दोन गाड्या बदलून, प्लास्टिकच्या डब्यांचा रंगीत सेट मांडीवर सांभाळत. त्या दिवशी कढत शिरा त्यांनी कौतुकाने त्याच डब्यांत भरला. ओटी भरायच्या जरा आधी काका आत आले, झाकण उघडून वास घेतला आणि सगळा शिरा दारातल्या गाईला घालून आले. सासूबाई देवापाशी जाऊन डोळे पुसत बसल्या. पाहुण्या बायका ताटकळल्या.

मी तणतणत वर गेलो. आजपासून आमच्या घरात पाऊल टाकायचं नाही, एवढंच सांगायचं ठरवलं होतं. दार उघडंच होतं. काका स्वतः नवा शिरा भाजत होते आणि काकू वेलदोडे सोलत होत्या. काकू कधीच कुणाच्या डोहाळजेवणाला जात नसत. ज्या बाईला मूल नाही तिने ओटी भरू नये, असं पूर्वी कुणीतरी त्यांच्या तोंडावर बोललं होतं.

"काका, हद्द झाली," मी म्हणालो. "डॉक्टर सगळं ठीक म्हणतात. मग तुम्हाला एवढी कसली भीती?"

काका ढवळतच राहिले. मग खाली बघूनच म्हणाले, "हिला तीनदा दिवस गेले होते. तिन्ही वेळा पाचव्या महिन्याच्या पुढे गेलं नाही. कशामुळे, ते एकाही डॉक्टरला सांगता आलं नाही."

त्यांनी गॅस बारीक केला.

"कळलं असतं, तर तेवढंच टाळलं असतं रे. कळलं नाही, म्हणून दिसेल ते टाळत सुटलोय."

मला माझीच फार लाज वाटली. मी काकूंना म्हणालो, "काकू, खाली चला. वसुधाची पहिली ओटी तुम्ही भरायची."

काकूंनी काकांकडे पाहिलं आणि साडी बदलायला आत गेल्या. काका कालथा हातात धरून त्या बंद दाराकडे बघत राहिले. शिरा चांगलाच खाली लागला.

खाली जाऊन मी सासूबाईंच्या कानावर सगळं घातलं. तो करपलेला शिरा त्यांनी दोनदा मागून घेतला.