सोऱ्याचा दट्ट्या

आमच्या समोरच्या दारात राहणारे आबा पोवार कुणाला नमस्कार करत नाहीत. ते माणसाच्या गाडीकडे जातात, हँडलवर दोन्ही तळवे ठेवतात, अंगाचा सगळा भार टाकून गाडी खाली दाबतात आणि कान देऊन ऐकतात. मग मान हलवून म्हणतात, "खाली कोणबी जातंय वो. वर कसं येतंय ते बघायचं असतंय."

हे त्यांनी भाजीवाल्याच्या मोपेडला केलंय, गॅसवाल्याच्या तीनचाकीला केलंय. आमच्या मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हा नवऱ्या मुलाच्या मोटारसायकललाही केलं. "पावणं, गाडीत दम न्हाय तुमच्या," असं त्याला फाटकातच सांगितलं. स्थळ मोडलं. आमचे हे म्हणतात, कारण वेगळं होतं. मी म्हणते, सुरुवात तिथून झाली.

आबा बँकेत रोखपाल होते. निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, नातवंडं सांभाळतात, निदान रंकाळ्यावर फिरायला जातात. आबांनी जुन्या सायकली धरल्या. साध्या नव्हेत, डोंगरात चालवायच्या, जाड टायरच्या, पुढे धक्के झेलणारे शॉकप असलेल्या. अशी सायकल जुनी झाली की तिच्या शॉकपचे सुटे भाग मिळत नाहीत. दुकानदार म्हणतो, नवीन घ्या. हे वाक्य ऐकलं की आबांचा पारा चढतो. "जुना झाला म्हंजे मेला काय?" असं ते दुकानात, जिन्यात, एकदा तर सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीचा विषय चालू असताना ओरडले. गावातल्या सगळ्या टाकाऊ सायकली त्यामुळे आमच्या पार्किंगमध्ये येऊन टेकल्या आहेत.

त्याबद्दलही माझी तक्रार नाही. म्हणजे आहे, लेखी दिलेली आहे, पण तो मुद्दा वेगळा. माझा संताप आहे तो हत्यारांवर. हे शॉकप उघडायला खास हत्यारं लागतात. ती इथे मिळत नाहीत, म्हणून आबा ती घरातल्या वस्तूंचीच करतात. माझ्या घरातल्या.

मी व्यवस्थित बाई आहे. माझ्या ओट्यावर प्रत्येक वस्तूला खिळा आहे, प्रत्येक डब्याला चिठ्ठी आहे आणि प्रत्येक भांड्यावर 'वि. देसाई' असं आमच्या ह्यांचं नाव घातलेलं आहे. अशा घरात दार उघडं दिसलं की आबा येतात. "वैनी, जरा लाटणं देता काय?" मी वळेपर्यंत लाटणं जिन्यात पोहोचलेलं असतं. सासूबाईंचं औषध मोजायची सिरिंज त्यांनी शॉकपमध्ये तेल भरायला नेली. सासूबाई आठवडाभर चमच्याने अंदाजपंचे औषध घेत होत्या. एकदा दारातूनच म्हणाले, "चिमटा खोलायचाय." मी सांडशी दिली. सायकलचं पुढचं चाक ज्यात बसतं त्या दुपाखी भागालाही चिमटा म्हणतात, हे मला कसं ठाऊक असणार? पण ते 'सांडशी नको' म्हणाले का? नाही. नेली, आणि वापरली!

वस्तू परत येतात, हे मान्य करते. घासूनपुसून येतात. फक्त त्या त्याच वस्तू राहिलेल्या नसतात. माझा झारा काटकोनात वाकून आला. "आता लई सोयीचा झालाय बघा," आबा म्हणाले. कशासाठी सोयीचा? पुऱ्या काय कोपऱ्यात तळायच्या?

तर, यंदाची दिवाळी. चकलीचा दिवस. भाजणी मळून झाकलेली, कढईत तेल तापलेलं. खिळ्यावर पितळी सोऱ्या होता, पण नुसती नळी. तिच्यात घालून दाबायचा दट्ट्या गायब! तेवढ्यात खालून आवाज आला. टण. टण. टण.

मी गॅस बंद केला आणि पीठ लागलेल्या हातांनी खाली गेले. आबा उकिडवे बसले होते. मांडीत शॉकपची एक नळी उभी धरलेली, तिच्या तोंडावर रबराचं गोल सील, सीलवर माझा दट्ट्या, आणि दट्ट्यावर हातोडा.

"आबा!"

"थांबा वैनी, वाकडं बसंल." टण. "हां, बसलं! काय माप हाय वो तुमच्या दट्ट्याचं! जणू ह्याच्यासाठीच वतलाय."

"तो चकलीसाठी ओतलाय! वर माझं पीठ वाळतंय. याला तेल लागलंय, काळं ग्रीस लागलंय. काय चारू मी लोकांना?"

"धुऊन देतो की."

"धुऊन? ह्या चकल्या खाऊन पाहुणे सायकलसारखे वर-खाली व्हायला लागतील!"

वरच्या गॅलरीत कुणीतरी हसलं. मला अजूनच चेव आला. "तुमच्या घरात सोऱ्या नाही का?"

"हाय की."

"मग दर वेळी माझीच वस्तू का? लाटणं माझं, झारा माझा! तुमचं स्वयंपाकघर काय शोभेला आहे?"

आबांनी फडक्याला हात पुसले, नखांच्या कडासुद्धा. मग म्हणाले, "चला वर."

आबांच्या पत्नी सुमनवहिनी गेल्यापासून मी त्यांच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नव्हतं. गॅसवर चहाचं एक भांडं होतं. बाकी मांडणी चकचकीत. पातेली उतरत्या मापाने, झारे एका बाजूला, उलथणी एका बाजूला. माझ्याही ओट्यावर एवढी शिस्त नाही, आणि हे मी सहजासहजी कुणाला म्हणत नाही.

आबा गुडघे टेकून खाली बसले. खालच्या कप्प्यातून त्यांनी जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला सोऱ्या काढला. पितळ चिंचेने घासलेलं, पिवळंधमक. दट्ट्याचा माथा त्यांनी माझ्यासमोर धरला. त्यावर बारीक टिंबाटिंबांनी नाव घातलं होतं: 'चि. सौ. कां. सुमन हिस मामाकडून.'

"हातोडा नेमका हितंच बसतोय, वैनी," ते म्हणाले आणि अक्षरांवरून अंगठा फिरवला. "तुमच्या दट्ट्यावर काय, नुसतं 'वि. देसाई' हाय."

"नुसतं?" मी म्हटलं.

"तसं न्हवं वो. विलासराव हाइत की. ते पुसलं तर परत घालता येतंय."

मी बोटांवरचं वाळलेलं पीठ खरवडायला लागले.

"ह्यो न्या," आबा म्हणाले. "पीठ लागून लई दिस झालं त्याला." मग ओट्याची कड धरून ते उठायला लागले. वर यायला त्यांना वेळ लागला. मी हात पुढे केला नाही. माझ्या हाताला पीठ होतं, आणि त्यांना चाललंही नसतं.

चकल्या चांगल्या झाल्या. काटे नीट उठले, एकही तुटली नाही. पहिला घाणा ताटलीत घालून मी खाली नेला. आबांनी हात धुतले, फाटकाकडे तोंड केलं आणि एक चकली सावकाश, शेवटच्या वेढ्यापर्यंत खाल्ली.

मग माझा दट्ट्या फडक्याने पुसत म्हणाले, "एवढा साबणानं धुऊन आणून देतो वर."

"एकाच नळीला सील बसलंय ना? दुसरी?"

"ऱ्हायलीय."

"मग बसवा. दट्ट्या राहू दे खाली. मार लागून जायचं ते नाव जाऊ दे." मी दोन पायऱ्या चढले आणि पुन्हा वळले. "पण माझा झारा आधी सरळ करून द्या!"