सतरा नंबरचा पट

त्या रविवारी श्रीनिवासरावांच्या स्कूटरवर मागं बसायचं साहेबरावांनी ठरवलं, ते नुसतं बघायला म्हणून. सिडकोतल्या त्यांच्या गल्लीत कुणाकडं कुठला पाहुणा उतरलाय, कुणाच्या कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या, हे सगळं साहेबरावांना तोंडपाठ असायचं. (चौकशी म्हणा, भोचकपणा म्हणा, ते स्वतः त्याला माणुसकी म्हणत.) पण खुर्चीवर बसून लाकडी प्यादी सरकवणारा माणूस जगात नाव कसं काढतो, एवढं मात्र त्यांना उमगलं नव्हतं.

श्रीनिवासराव म्हणजे त्यांचे भिंतीला भिंत लागून शेजारी. सरकारी कचेरीत क्लार्क. कचेरीत ते फायलीला नमस्कार करून सही करत, साहेब खोकला तरी उठून उभे राहत. पण घरी आले की ग्रँडमास्टर मिहिरचे डाव लावून बसत आणि अंगात आल्यासारखे बोलत.

"साहेबराव, हा पोरगा वेगळाच आहे. वजीर फुकट देतो अन् हसत बसतो! दुनिया म्हणते संपला, अन् हा तिथून नवंच काहीतरी काढतो. अन् बरोबरी? बरोबरी घ्यायची असती तर घरीच बसलो असतो, असं म्हणाला तो एकदा!"

हे वाक्य साहेबरावांनी रोज संध्याकाळी ऐकलं होतं. आपल्या बियाण्यांच्या दुकानात दोन गिऱ्हाइकांना ऐकवलंही होतं.

तो मिहिर गावात येणार होता. क्रांती चौकाजवळच्या एका मंगल कार्यालयात एकटा तीस जणांशी एकाच वेळी खेळणार होता. श्रीनिवासरावांना सतरा नंबरचा पट मिळाला. आठवडाभर त्यांना जेवण गेलं नाही.

"जिंकायचं नाही हो," ते स्कूटरवर म्हणाले, "नुसतं लढायचंय. आयुष्यात एकदा तरी त्यानं माझ्या पटापाशी थांबून विचार करावा. बस."

डाव सुरू झाला. मिहिर चोविसेक वर्षांचा, काटकुळा पोरगा. मान खाली घालून पटामागून पट करत निघाला होता. तोंडं बघतच नव्हता, फक्त पट. पंधरा चाली झाल्या तरी श्रीनिवासराव टिकून होते. साहेबराव मागं उभे राहून शेजारच्या पटावाल्याच्या जावयाची चौकशी करत होते.

एवढ्यात श्रीनिवासरावांचा फोन वाजला. घरून भानुमतीवहिनी.

"अहो, नळाला पाणी आलंय!"

"आज? ते तर उद्या येणार होतं!"

"ते पाण्याला सांगा! मोटार नुसती गुरगुरतीय. लवकर या, आता हुकलं तर पुन्हा आठ दिवसांनी!"

श्रीनिवासरावांचा चेहरा पांढराफटक पडला.

"मी जातो की," साहेबराव म्हणाले.

"नाही हो, ती मोटार फक्त माझंच ऐकते. डाव्या पायानं लाथ, उजव्या हातानं बटण. तुम्ही फक्त इथं बसा. तो आला की 'पास' म्हणायचं. तीनदा चालतं. तोवर मी आलोच!"

साहेबराव बसले. खुर्ची चांगली होती. मिहिर आला.

"पास," साहेबराव म्हणाले.

दुसऱ्या फेरीला पुन्हा "पास." तिसऱ्या फेरीला "पास, अन् दमला असाल तर जरा टेका की, बाळा." चौथ्या फेरीला मिहिर थांबला. श्रीनिवासरावांचा पत्ता नव्हता.

"काका, आता खेळावं लागेल."

साहेबरावांना सबंध बुद्धिबळात एकच गोष्ट ठाऊक होती: घोडा अडीच घरं जातो. त्यांनी घोडा उचलला, बोटानं अडीच घरं मोजली आणि ठेवला. (मोजताना अर्ध्या घराची जरा पंचाईत झाली.)

मिहिर पुढं निघाला आणि परत फिरला. त्यानं पटाकडं बघितलं. हनुवटी खाजवली. कंबरेवर हात ठेवला. एक मिनिट गेलं, दोन गेली, पाच गेली. सोळा नंबरवाला उठून उभा राहिला, अठरा नंबरवाला खुर्चीवर चढला. साहेबरावांना वाटलं, घोडा मोडला की काय.

"काका," मिहिर शेवटी हळूच म्हणाला, "ही चाल मी बघितलीच नव्हती. बरोबरी करायची?"

हॉलमध्ये कुजबूज उठली. बरोबरी न घेणारा माणूस स्वतः होऊन देत होता! साहेबरावांचा ऊर भरून आला. मित्राची इज्जत त्यांच्या हातात होती, आणि मित्र रोज काय म्हणतो ते त्यांना पाठ होतं.

"नाय साहेब," ते ताठ बसून म्हणाले. "बरोबरी घ्यायची असती तर घरीच बसलो असतो."

मिहिर खदखदून हसला आणि त्यानं हात जोडले. साहेबरावांनीही हसून पुन्हा घोडाच उचलला. त्यानंतर तिसऱ्या चालीला साहेबरावांवर मात झाली.

पाचच मिनिटांनी श्रीनिवासराव आले. पँट गुडघ्यापर्यंत ओली, एका पायात चप्पल. साहेबरावांनी सगळं मोठ्या हौसेनं सांगितलं.

"ड्रॉ दिला होता? त्यानं? माझ्या पटावर?" श्रीनिवासराव खाली बसले. "अन् तुम्ही नाही म्हणालात?"

"तुम्हीच तर म्हणता रोज!"

"मी म्हणतो हो! मी म्हणायला काय जातं!"

दोघं स्कूटरवर निघाले. मागं बसलेल्या साहेबरावांना लई अपराधी वाटत होतं. मोंढा नाक्याच्या सिग्नलला श्रीनिवासराव मान न वळवता म्हणाले, "म्हणजे तो सतरा नंबरपाशी थांबला. पाच मिनिटं."

"व्हय, पाच. जास्तच."

आकाशवाणीच्या सिग्नलला ते म्हणाले, "आपण त्याला तोंडावर नाही म्हणालो."

"व्हय, आपण."

सिडकोच्या सिग्नलला श्रीनिवासराव आरशात बघून भांग पाडत होते. गल्लीच्या तोंडाशी माणसं गोळा झालेली होती, सतरा नंबरनं बरोबरी नाकारल्याची बातमी फोनवरून आधीच पोचली होती. स्कूटर उभी करायच्या आतच ते म्हणाले, "मी त्याला स्पष्ट सांगितलं, बरोबरी घ्यायची असती तर घरीच बसलो असतो!"

टाळ्या पडल्या. भानुमतीवहिनींनी एकदा नवऱ्याच्या ओल्या पँटकडं बघितलं, मग मान खाली घालून हातातली मेथी जोरजोरात निवडायला लागल्या. साहेबराव काहीतरी बोलणार होते, पण कधी नव्हे ते श्रीनिवासरावांच्या पाठीचा कणा सरळ झालेला त्यांना दिसला. त्यांनी तोंड मिटलं.

"अन् साहेबराव तेव्हा कुठं होते?" गर्दीतून गल्लीतल्या सोमनाथनं विचारलं.

श्रीनिवासरावांनी घाईनं स्कूटर स्टँडवर चढवली.

"साहेबराव? त्यांचे तर उपकार आहेत हो! डाव रंगात आला अन् घरून पाण्याचा फोन. हा माणूस म्हणाला, तुम्ही लढा, मी जातो. येऊन आमची टाकी काठोकाठ भरून गेले!"

पुन्हा टाळ्या पडल्या. साहेबरावांनी नम्रपणे हात जोडले. तेवढ्यात साहेबरावांच्याच घराच्या वरच्या गॅलरीतून, माहेरच्या कार्यक्रमाहून नुकत्याच परतलेल्या त्यांच्या बायकोचा, चतुराबाईंचा आवाज आला.

"म्हंजे तुम्ही गल्लीत आला व्हतात?"

सगळ्यांनी वर बघितलं.

"शेजाऱ्याची टाकी काठोकाठ भरलीत, अन् मधी फक्त एक भिंत असून आपलं बटण दाबायचं सुचलं नाय?" चतुराबाईंनी रिकामी बादली कठड्यावर आदळली. "आठ दिवस तुम्ही आता त्या श्रीनिवास भावजींच्या डावानंच अंघोळ करा!"