लाल काही जाईना!

उदगीरला सिद्रामप्पांच्या वर्कशॉपात तीस वर्षं उसाच्या ट्रॉल्या अंदाजानं बनत होत्या. आता त्या कॉम्प्युटरनं बनतील, असं त्यांच्या मुलानं, सोमेशनं जाहीर करून टाकलं! नांदेडला सिम्युलेशनचा दोन महिन्यांचा कोर्स करून आल्यापासून त्याचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. लोखंड कापण्याआधीच लॅपटॉपातल्या ट्रॉलीवर ऊस लादायचा आणि कुठं ताण येतो ते बघायचं, एवढं साधं काम!

"ही एक ट्रॉली तुझी," अप्पा म्हणाले. "गिऱ्हाईक खूश झालं तर पुढची डिझाइनं तुझ्याकडं. न्हाई तर गुमान वेल्डिंग करायचं."

गिऱ्हाईक होते किल्लारीचे हणमंतराव. लहानपणी भूकंपात घर डोळ्यांदेखत पडताना पाहिलेला माणूस. मजबुतीच्या बाबतीत सख्ख्या भावाचंही ऐकत नसत. सोमेशनं मोठ्या तोऱ्यात त्यांना स्क्रीनसमोर बसवलं आणि दहा टन ऊस चढवला. ट्रॉली कुठं निळी झाली, कुठं हिरवी, आणि एका कोपऱ्यात लालभडक!

"ते लाल काय हाय?"

तिथं सगळ्यात जास्त ताण आहे, सोमेश अभिमानानं म्हणाला. हणमंतराव उठून चपला घालू लागले.

"लाल हाय तवर मी ट्रॉली नेत न्हाई."

सोमेशनं घाईघाईनं तिथं पट्टी वाढवली. लाल तिथून गेलं आणि मधल्या अँगलवर उगवलं. तिथं पट्टी मारली, तर ते चाकापाशी! हणमंतराव रोज फोन करून लालची खबर घेऊ लागले. साखर कारखाना सुरू व्हायची वेळ आलेली, म्हणून खरी ट्रॉलीही जोडायला घेतलेली. सोमेशला जेवण गोड लागेना की एका जागी बसवेना. तो स्क्रीनवर प्लेट चढवायचा आणि अप्पा, कानडीत काहीतरी पुटपुटत, तीच प्लेट ट्रॉलीला जोडायचे.

बाराव्या दिवशी त्यानं हात टेकले आणि नांदेडच्या सरांना फोन लावला. सर म्हणाले, ताण चिमूटभर असला तरी सगळ्यात जास्त जिथं असेल तिथं लाल दिसणारच. रंग नाही, शेजारचा आकडा बघायचा असतो. सोमेशनं आकडा पाहिला. पहिल्या दिवशीचीच ट्रॉली गरजेच्या दुप्पट मजबूत होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

आकड्यांवर हणमंतरावांचं समाधान झालं आणि ते ट्रॅक्टर घेऊन आले. ट्रॉली रिकामी, तरी प्लेटांच्या वजनानं ट्रॅक्टरचंच तोंड वर उचललं गेलं! शेवटी दोन ट्रॅक्टर जुंपून ती कशीबशी किल्लारीला पोचली आणि देवळापुढं कायमची बसली. हणमंतरावांचा ऊस भाड्याच्या ट्रॉलीतून गेला. सोमेशनं मुकाट्यानं वेल्डिंगचा चष्मा चढवला.

महिन्याभरानं हणमंतरावांचा फोन आला. अप्पा नुसतं "हाव, हाव" करत ऐकत राहिले. ट्रॉलीवर सत्कार झाला होता, चाळीस माणसं चढली होती आणि ती तसूभर हलली नव्हती. शेजारच्या दोन गावांना आता तसलंच स्टेज हवं होतं.

अप्पांनी फोन ठेवला आणि पोराच्या डोळ्यांवरचा वेल्डिंगचा चष्मा काढून घेतला.

"आजपासून डिझाइन तुझं," ते म्हणाले. "फकस्त चाकं लावू नको."