पाचवं 'कनाला'

ड्यूटीवर उशिरा आलेल्या माणसाला "उशीर कनाला झाला?" असं कुणी विचारलं, तर तो उत्तर देईल. "बस चुकली" म्हटल्यावर "बस कनाला चुकली?" विचारलं, तरी एखादा सज्जन सांभाळून घेईल. पण त्यानंतर तोच प्रश्न आणखी तीनदा विचारणाऱ्या माणसाचं काय करावं, हे सरकारने कायद्याने ठरवून द्यायला हवं.

घरतकाका म्हणजे तो माणूस. उरणजवळच्या आमच्या कंटेनर यार्डात ते मेंटेनन्सचे सुपरवायझर आणि मी गेटवर. आम्ही एकाच गावचे. 'कनाला' म्हणजे आम्हा आगऱ्यांचं 'कशाला'. आम्ही तो शब्द दिवसातून दोन-चारदा वापरतो. काका एका बैठकीत पाच वेळा वापरतात, तेही समोरच्याच्या डोळ्यांत बघून.

हे खूळ कंपनीनेच त्यांच्या डोक्यात घातलं. पुण्याहून एक माणूस आणून आम्हाला तीन दिवस प्रशिक्षण दिलं. अडचण आली की पाच वेळा 'का' विचारायचं, उत्तरं फॉर्मच्या पाच ओळींत लिहायची, मुळाशी जायचं. फळ्यावर माशाचा सांगाडा काढायचा आणि एकेका काट्यावर एकेक कारण लिहायचं. आम्ही बाकीच्यांनी एसीत बसून फुकटची बिर्याणी खाल्ली, प्रमाणपत्र कपाटावर टाकलं आणि विषय संपवला. काकांनी तो मनावर घेतला.

त्या माशाचं तर विचारूच नका. प्रशिक्षण देणाऱ्या बिचाऱ्याने एक डोकं, एक कणा आणि सहा काटे काढले. काकांनी हात वर केला. "सायेब, हा मासा कंचा?"

"कुठलाही असला तरी चालेल," तो म्हणाला. खाडीकाठच्या तीस माणसांसमोर असं बोलतात का? कुणी म्हणालं जिताडा, कुणी म्हणालं पाला. जिताड्याचे काटे कसे आणि पाल्याचे किती, यावर अर्धा तास भांडण झालं. शेवटी काकांनीच उठून मासा दुरुस्त केला. तेव्हापासून आमच्या यार्डातल्या माशाला चौदा काटे आहेत आणि प्रत्येक काट्यावर काहीतरी लिहावंच लागतं. कॅन्टीनचा चहा थंड का येतो याची चौदा कारणं मी माझ्या हाताने लिहिली आहेत. अकरावं कारण 'वारा' असं आहे. सांगा, हा छळ नाही तर काय?

त्यात काकांचा स्वतःचा एक नियम. "पाचव्या ओलीत मान्साचा नाव लिवाचा नाय." म्हणजे चोर सापडला तरी चोराचं नाव घ्यायचं नाही! हा कुठला न्याय?

गेल्या वर्षी माझी केबिनच पडली, तेव्हा तर माझं डोकं फिरलं. हरेश म्हणून आमचा एक ऑपरेटर, कंटेनर उचलायची ती अजस्र मशीन चालवतो. ती मागे घेताना त्याने थेट माझ्या केबिनवर घातली. मी लघवीला गेलो होतो म्हणून वाचलो. भिंत आडवी, खुर्ची चपटी, आणि सुकटीच्या चटणीचा डबा कुठे गेला ते समजेना.

मॅनेजर धावत आले. "चालकाचा निष्काळजीपणा, असं लिहा. तपास करणारे घरत, साक्षीदार हा गेटवरचा नंदू. दोघं सह्या करा, संध्याकाळपर्यंत मामला क्लोज." सही झाली की हरेशची नोकरी गेली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो टायरजवळ उकिडवा बसला होता. दोन लहान पोरी आहेत त्याला. पण माझी चटणी गेली होती आणि माझा जीव थोडक्यात वाचला होता. मला त्याची दया आली नाही. मी पेन काढलं.

काका हरेशसमोर बसले. "कनाला ठोकलास?"

"मागचा दिसला नाय, काका."

"कनाला?"

"आरसा फुटलेला हाय."

"नवा कनाला नाय लावला?"

"मागितलेला. आलाच नाय."

माझा संयम सुटला. मी ओरडलो, "काका, बास झालं! डोळे मिटून गाडी चालवली त्याने. उघाडीवरचा घरत झालाय तो!"

आणि जीभ चावली.

उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं पाण्याचं दार. ओहोटीला उघडायचं, भरतीला लावायचं. काकांचा बापूस गावची उघाडी सांभाळायचा. एका उधाणाला, भरदुपारी तिथेच बांधाला खांड गेली, म्हणजे भगदाड पडलं. खारं पाणी शेतांत शिरलं आणि पुढची तीन वर्षं गावाला भात पिकला नाही. घरत झोपला होता, असं गावाने ठरवलं. तेव्हापासून आमच्या गावात निष्काळजी माणसाला 'उघाडीवरचा घरत' म्हणतात. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, पण ही म्हण बोलतच मोठा झालो.

काकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग शांतपणे विचारलं, "आरसा आलाच नाय, का आला नि गेटवर अडाकला?"

ते उठले आणि माझ्या मोडक्या टेबलाखालून डोकावणारा एक चपटा खोका ओढून काढला. आत नवा कोरा आरसा. पावतीवर शिक्का नव्हता म्हणून मीच तो अडवून ठेवला होता, कुणाला कळवलं नव्हतं, आणि तीन आठवडे त्याच्यावर डबा ठेवून जेवत होतो.

"मग नंदूचंच नाव लिहा," मॅनेजर म्हणाले. माझी चौदा वर्षांची नोकरी.

काकांनी पाचव्या ओळीत लिहिलं: 'गेटवर अडलेला माल कोणाला कळवायचा, हे ठरलेलं नाही.' मॅनेजर तणतणले. काकांनी पेनाला टोपण लावलं आणि दुसऱ्या कशावरही सही करायला नकार दिला. हरेश राहिला. मीही राहिलो.

मला हायसं वाटायला हवं होतं, पण भयंकर राग आला. ज्याच्या बापाला आपण शिवी दिली, त्यानेच आपल्याला वाचवावं, हे सहन होत नाही. दुसऱ्या दिवशी मी जाऊन भांडलोच. "माझं नाव कनाला नाय लिवलं?"

काकांनी खणातून कंपनीचाच एक फॉर्म काढला. घडीवर मळलेला.

'खांड कशाला गेली? उघाडीची फळी फुटली. फळी कशाला फुटली? कुजली होती. कशाला बदलली नाही? बापसाने पंचांकडे नव्या फळ्या मागितल्या होत्या. मग कशाला मिळाल्या नाहीत?' पुढे कोरं.

"माजा बापूस झोपला नव्हता," काका म्हणाले. "फळीला खांदा लावून उभा व्हता. मी भाकर घेऊन गेल्तो, माज्या डोल्यांनी बगला. पन कुनी इचारलाच नाय. मरंस्तवर त्याला कुनी इचारला नाय. पंच सगले गेले, तुजा आजा पन. आता मी इचारू कुनाला?"

घरी गेलो. बाबा ओट्यावर बसले होते. फळ्यांचं विचारलं. "झोपला होता तो," बाबा म्हणाले. मी पुन्हा विचारलं. ते चिडले. मी तिसऱ्यांदा विचारलं, "फळ्या कनाला नाय मिळाल्या?"

मग ते खाली बघून म्हणाले, "आल्या व्हत्या. आपल्याच पडवीत व्हत्या. तुज्या आत्याचा लगीन व्हता, मांडवात बाकड्यांना लावल्या. लगीन झाला का देऊ, तुजा आजा बोलला. उधान आधी आला."

सकाळी मी काकांना सगळं सांगितलं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग चौथ्या ओळीपुढे लिहिलं: 'लग्नाच्या मांडवात लागल्या.' पाचव्या ओळीत: 'गावाच्या फळ्या ठेवायला गावाची जागा नव्हती.'

"काका, आजाचं नाव लिवा," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "लिवा! तुमच्या बापसाचं नाव सगळा गाव घेतो."

"माज्या बापसाच्या नावानं म्हन पडली," काका म्हणाले. "आता तुज्या आज्याच्या नावानं आनखी एक कनाला पाडाची?"

त्यांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला. तपास करणाऱ्याची सही झालेली होती. साक्षीदाराची जागा रिकामी होती. मी सही केली. एरवी नुसती रेघ ओढतो. त्या दिवशी आजाच्या आडनावासकट पूर्ण नाव लिहिलं.