फॅरो म्हणजे मोठं घर

आमच्या शेजारच्या टेंभरेकाकांच्या किराणा दुकानात जाऊन "आमच्या घरच्याईनं तंबाखूची पुडी सांगतली" असं म्हणालात, तर पुडी मिळणार नाही. आमच्या कुडवा गावातल्या बहुतेक बायका हा अनुभव घेऊन बसल्या आहेत.

"घरच्याईनं म्हंजे कोणं?" काका गल्ल्यावरून विचारतात. "नाव सांगा."

आता नवऱ्याचं नाव भर दुकानात कोण घेणार? बाई आधी लाजते, मग चिडते, आणि पुढच्या चौकात जाऊन पुडी घेते. मलाही "हे म्हंजे कोणते हे?" असं विचारून त्यांनी ह्यांच्या दाढीच्या ब्लेडसाठी अडवून ठेवलं होतं. शेवटी घेतलं मी नाव, मान खाली घालून, उखाण्याशिवाय.

हा हट्ट इजिप्तहून आला. काकी गेल्यावर काकांना मोबाईलवर सिनेमे पाहायचा नाद लागला, आणि सिनेमेही एकाच जातीचे. जुन्या इजिप्तचे, हिंदीत डब केलेले. त्यात एक सोन्यानं मढलेला टकला राजा ओरडत असतो आणि लोक "महान फॅरो" म्हणत त्याच्या पाया पडत असतात. नेमका तिथं काका सिनेमा थांबवतात.

"फॅरो हे नाव होय का जी? फॅरो म्हंजे मोठं घर. राजाचं नाव घ्याले भेत होते, म्हून घर म्हणत. आपल्यासारखेच."

ममीवर तर त्यांचा वेगळाच राग. सिनेमातली ममी उठली रे उठली की चिंध्या सोडत माणसांच्या मागे लागते. "एवढ्या वर्षानं उठला माणूस, तं पयले पाणी मांगन. लोकाईच्या मागं काऊन धावन?"

एकदा साखर घेता घेता मी म्हटलं, "काका, मेलेल्या राजांच्या नावाशी आपल्याला काय करायचंय?"

"त्याईच्यात म्हणत, बाई, जोवर कोणी नाव घेते तोवर मेलेला माणूस जित्ता राहते. काही राजाईचे नाव मागून आलेल्याईनं दगडावरून खोडून टाकले. कायले? तं तो पुन्हा मरावा म्हून."

मग साखर तोलायची सोडून ते बसूनच राहिले. काकींना दवाखान्यात नेलं त्या दिवसाची गोष्ट त्यांनी मला तेव्हा पहिल्यांदा सांगितली. चिठ्ठी फाडणाऱ्यानं विचारलं, "पेशंट का नाम?" काका म्हणाले, "आमच्या घरची." त्यानं पुन्हा विचारलं. काकांना नाव येत होतं, तोंडातून निघत नव्हतं. उभ्या जन्मात 'अवो' आणि 'आयकलं का' यापलीकडे त्यांनी बायकोला हाक मारली नव्हती. शेवटी स्ट्रेचरवर पडलेल्या काकींनीच धापा टाकत सांगितलं, "सुलोचना टेंभरे."

"तेच शेवटचं बोलली," काका म्हणाले. "माह्यासमोर सोताचं नाव सोता सांगतलं तिनं. मी कायले होतो मंग तिथं?"

मला फार वाईट वाटलं. म्हटलं, "आता घ्या ना काका. रोज घ्या."

"रोजच बसतो घ्याले. होऊन नाही राहिलं. लाज वाटते." तराजूचं पारडं उगाच पुसत ते म्हणाले, "तुमी घ्या ना एकदा. मी आयकतो."

मीही त्यांना कायम काकीच म्हणत आले होते. घसा साफ केला आणि हाक मारावी तसं म्हटलं, "सुलोचना."

काका मान वळवून आतल्या दाराकडे बघत राहिले. आतून ओ आली नाही.

"अजून एकदा म्हणा, बाई," ते म्हणाले.