साहेब बाथरूममध्ये होते तेव्हा

"भिंत वाळलेली आहे," साहेब म्हणाले आणि त्यांनी आपला कामाच्या वेळांचा तक्ता दिवाणखान्याच्या भिंतीवर चिकटपट्टीने चिकटवला.

"साहेब, ओली आहे अजून," रंगारी म्हणाला.

"तक्त्यात बघा. शनिवार, सकाळी नऊ. भिंत वाळलेली."

रंगाऱ्याने तक्ता बघितला, भिंत बघितली, मग वहिनींकडे बघितलं. वहिनी म्हणजे साहेबांची बायको. त्यांनी छताकडे बघितलं. पाच मिनिटांत तक्ता आपल्याच वजनाने खाली आला आणि येताना हातभर रंग सोबत घेऊन आला.

साहेब कचेरीत परिपत्रकं काढायच्या विभागात होते. अमुक करावे, तमुक करू नये, सूचनांचे काटेकोर पालन व्हावे, असं लिहिण्यात त्यांची चोवीस वर्षं गेली होती. त्या सूचनांचं पुढे काय होतं हे बघायला ते कधी खाली उतरले नव्हते. घर बांधायला काढल्यावर सूचना आणि काम पहिल्यांदाच एका छपराखाली आली, आणि दोघांचं पहिल्या दिवसापासून पटेना.

वहिनींना हे सगळं हसून सोडता आलं असतं. पण जुनं भाड्याचं घर रविवारी सकाळी रिकामं करायचं होतं. तिथे राहायला येणारं कुटुंब नऊ वाजता सामानासकट दारात उभं राहणार होतं. आणि नव्या घराला अजून दारं नव्हती.

दारं होती तशी, पण बसत नव्हती. साहेबांनी ऐन वेळी जाड फरशी निवडल्यामुळे जमीन बोटभर वर आली होती. सुताराने दारं उतरवली आणि खालून रंधा मारायला घेतला. हे काम अंगणात करायचं. पण तक्त्यानुसार त्या वेळी अंगण प्लंबरला दिलेलं होतं. प्लंबरचं अंगणात काहीच काम नव्हतं, पण तक्ता तो तक्ता. सुतार दिवाणखान्यात बसला.

"हे काय आहे?" साहेबांनी भिंतीला बोट लावून विचारलं.

"भुसा," सुतार म्हणाला.

"भिंतीवर कसा आला?"

"उडून."

"कोणाला विचारून?"

तीस वर्षांच्या धंद्यात भुशाने कोणाची परवानगी मागितलेली सुताराने पाहिली नव्हती.

"पंखे लावा!" साहेबांनी वायरमनला फर्मावलं. "भिंत वाळली की भुसा चिकटणार नाही."

"साहेब, स्वयंपाकघरातला बोर्ड उघडा टाकून आलो तर..."

"आधी पंखे!"

वायरमन बोर्ड उघडा टाकून आला. त्या बोर्डाच्या भिंतीपलीकडे बाथरूममध्ये प्लंबर होता. पाइपच्या सांध्याचा मसाला ओला होता, पण तक्त्यात 'दहा वाजता पाणी' असं लिहिलं होतं आणि सकाळपासून बोलणी खाऊन तो इतका शिस्तीत आला होता की दहाच्या ठोक्याला त्याने पाणी सोडलं. सांधा गळला, पाणी भिंतीतून झिरपत बोर्डात उतरलं, आत फट्‌ असा आवाज झाला आणि वीज गेली. वीज गेली म्हणून रंध्याचं मशीन थांबलं. पंप थांबला म्हणून पाणी थांबलं, आणि नेमका कुठला सांधा गळतो हे शोधायची सोय राहिली नाही. साडेदहा वाजता घरात चार कारागीर हात बांधून उभे होते आणि एक माणूस घाम गाळत होता. घाम गाळणारा काहीच करत नव्हता.

"एकाला तरी अक्कल आहे का?" साहेब गरजले. "एक दार बसलं नाही अजून!"

"बाथरूमचं बसलंय," सुतार म्हणाला.

"मी स्वतः तपासतो."

फाईल काखेत आणि पोलादी पट्टी हातात घेऊन साहेब बाथरूममध्ये शिरले.

"साहेब, दार लोटू नका हं. आतली मूठ अजून बसवायची..."

"दार कसं लावायचं ते मला शिकवू नका."

खट्‌.

नंतर आतून दाराला चाचपल्याचा आवाज आला.

"अगं," साहेब आतून म्हणाले, "याला मूठ नाही."

सुतार वहिनींजवळ आला आणि दबक्या आवाजात, म्हणजे सुताराच्या मानाने दबक्या, म्हणाला, "वहिनी, उघडू का? एका मिनिटाचं काम आहे."

वहिनींनी भिंतीवरचा भुसा बघितला. उघडा बोर्ड बघितला, टेकून ठेवलेली दारं बघितली.

"आणि बाकीचं काम? किती वेळ लागेल?"

"साहेब आत असले तर चारपर्यंत सगळं होईल," सुतार म्हणाला. "बाहेर असले तर देवालाच ठाऊक."

वहिनी लग्नाला एकवीस वर्षं झालेल्या बाई होत्या. त्यांनी फार विचार केला नाही. दाराजवळ जाऊन त्या म्हणाल्या, "अहो, खटका अडकलाय. सुतार प्रयत्न करतोय. जरा बसा."

"कशावर?"

"बादली उपडी घाला."

पुढचं सगळं तीन वाक्यांत ठरलं. सुतार म्हणाला, मी अंगणात जातो. वायरमन म्हणाला, मी आधी बोर्ड कोरडा करून लाईन चालू करतो. रंगारी म्हणाला, भुसा बसला की झाडतो आणि शेवटचा हात मारतो. प्लंबर तेवढंही बोलला नाही. गळका सांधा स्वयंपाकघराच्या बाजूनेच सापडतोय असं बघून तो कामाला लागला.

साहेब मात्र गप्प बसणारे नव्हते. रंध्यामुळे दाराखाली चांगली फट राहिली होती. तिच्यातून चिठ्ठ्या यायला लागल्या. 'सुताराने तात्काळ दिवाणखान्यात हजर व्हावे.' 'रंगकाम थांबवावे.' 'रंगकाम का थांबले, खुलासा करावा.' रंगाऱ्याला ब्रश पुसायला कागद लागतच होता. वहिनी त्याच फटीतून एकेक बिस्किट आत सरकवत होत्या. सुतार दर अर्ध्या तासाने येऊन दारावर दोन हातोडे मारायचा, "फार चिवट आहे हो," म्हणायचा आणि परत जायचा.

दुपारनंतर चिठ्ठ्या थांबल्या. वहिनींनी दाराला कान लावला. आत पान उलटल्याचा आवाज आला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

चार वाजता दारं फिरत होती, दिवे लागत होते, नळ गळत नव्हते आणि भिंतींवर भुशाचा कण नव्हता. सुताराने एका मिनिटात बाथरूम उघडलं. साहेब बाहेर आले, सगळ्या खोल्यांतून फिरले, प्रत्येक दार एकदा उघडून लावून बघितलं. कोणालाच काही बोलले नाहीत. कारागिरांना हे इतकं नवीन होतं की त्यांनी भराभर हत्यारं गोळा केली आणि उद्या येतो म्हणून निघून गेले.

वहिनींना मात्र राहवेना.

"फार वेळ बसावं लागलं ना हो? सुताराने खूप खटपट केली, पण तो खटकाच मेला..."

साहेब परत बाथरूममध्ये गेले आणि दार लावून घेतलं. खट्‌. वहिनी दाराकडे धावल्या. सुतार तर गेला होता! पण लगेच दार आणि चौकटीमधल्या फटीत पोलादी पट्टीचं टोक दिसलं, ते जरा वर सरकलं, आणि दार उघडलं.

"अकरा वाजताच जमलं होतं मला," साहेब म्हणाले.

"मग बाहेर का नाही आलात?"

साहेबांनी पट्टी खिशात घातली. नव्या भिंतीवर नजर टाकली.

"सुताराचा आवाज मोठा आहे गं," ते म्हणाले. "आणि बाहेर कामं चालली होती. म्हटलं, मध्ये कशाला जा."

"पण मग त्या चिठ्ठ्या?"

"सवय."

दोघं रिकाम्या दिवाणखान्यात आली. मग साहेबांनी घसा साफ केला.

"उद्या सामान किती वाजता येणार?"

"आठला."

"उतरवायला माणसं किती?"

"पाच."

साहेबांनी मनाशी काहीतरी हिशेब केला.

"सुताराला फोन कर," ते म्हणाले. "म्हणावं, आतली मूठ सोमवारी बसवलीस तरी चालेल."