गोल म्हणजे गोलच

ओमेश्वरी बिसेनने चारचौघांत सांगून टाकलं, की चुन्नीलालच्या ढाब्यावरचा पडदा चौकोनी आहे ना, मग आपला गोल येणार. ताटासारखा. जेवणाची जागा आहे, ती ताटासारखीच दिसली पाहिजे.

सडक अर्जुनीच्या पुढे हायवेच्या या अंगाला तिचा ढाबा आणि समोरच्या अंगाला चुन्नीलालचा. चुन्नीलालने भला मोठा एलईडी पडदा लावला, त्यावर तंदुरी कोंबड्या गिरक्या घेऊ लागल्या, आणि तेव्हापासून नागपूरचे ट्रक काय नि रायपूरचे काय, सगळे तिकडेच वळू लागले. ओमेश्वरीच्या खाटा रिकाम्या आणि डाळ दुपारपर्यंत सिमेंट. तिच्या नवऱ्याचं, दुर्गाप्रसादचं म्हणणं सरळ होतं. ढाबा बंद करावा, इटियाडोहच्या कालव्यावर धानाची शेती आहे ती बघावी.

"शेती तुम्ही पाहा," ओमेश्वरी म्हणाली. "पडद्याचं मी पाहून घेईन."

पण गोल पडदा मिळावा कुठे? गोंदियाच्या दुकानदाराने तिला सांगितलं, की भाभी, टीव्ही चौकोनीच असते, गोल पाहिजे तर घड्याळ घेऊन जा. नागपुरात एकाने लांबलचक पट्टी दाखवली, स्टेशनवर गाडीचा नंबर दाखवतात तशी. दुसऱ्याने वाकलेला पडदा दाखवला आणि तो मुद्दामच वाकवलाय असं शपथेवर सांगितलं. तिसरा तर चौकोनी टीव्हीचे कोपरे पुठ्ठ्याने झाकून द्यायलाही तयार झाला. दुर्गाप्रसाद म्हणाला, झालं ना समाधान, आता घरी चला. ती म्हणाली, ज्या जगात वाकडा पडदा मिळतो, त्या जगात गोलही असलाच पाहिजे.

शेवटी फोनवर दिल्लीचा एक व्यापारी सापडला.

"गोला चाहिए, मैडम?"

"हाँ, गोला. एकदम गोल."

"पूरा गोला?"

"आधा लेके क्या करूँगी?"

धान विकून आलेले पैसे दिल्लीला गेले आणि काही दिवसांनी दिल्लीहून खोका आला. खोका बैलाएवढा उंच. चपट्या वस्तूला एवढा खोका कशाला, असं दुर्गाप्रसादने विचारलं, तर ओमेश्वरी म्हणाली, मोठ्या शहरात पॅकिंग चांगलं करतात. चौघांनी मिळून फळ्या उचकटल्या. आत गोळा होता. चहूबाजूंनी गोल, वरून गोल, खालून गोल.

दुर्गाप्रसादने गोळ्याभोवती एक फेरी मारली. मग म्हणाला, "हे ताट नोहे. हा लाडू आहे."

दिल्लीवाला भला माणूस. त्याने फोनवर परत पाठवा म्हटलं, बदलून देतो म्हटलं. पण परत पाठवायचं म्हणजे तो खोका चुन्नीलालच्या डोळ्यांदेखत ट्रकवर चढवायचा. ओमेश्वरीने फोनवर ठणकावून सांगितलं, "गोल माँगा था, गोल आया. हम खुश हैं."

गोंदियाहून इंद्रकुमार नावाचा मिस्त्री आला. त्याने गोळा उंच खांबावर चढवला आणि ताटाचं चित्र लावलं. भात वर टोकाला गेला, लोणचं खाली लोंबू लागलं. नागपूरकडून येणाऱ्याला नुसता कांदा दिसे आणि रायपूरकडून येणाऱ्याला रिकामी वाटी. त्या गोळ्यावर नीट बसणारं चित्र एकच होतं, दिल्लीवाल्याने नमुन्यादाखल भरून दिलेलं. एक भलामोठा डोळा. तो इकडून तिकडे फिरायचा आणि मधूनच पापणी मिटायचा. इंद्रकुमार म्हणाला, दुसरं काही बनवून आणतो.

"असू दे," ओमेश्वरी म्हणाली. "लोकाईकडे पाहून राहिला ना? पाहू दे."

त्याच संध्याकाळी रायपूरकडून भरधाव येणारा एक ट्रक डोळा दिसताच बैलगाडीच्या चालीवर आला. ड्रायव्हरने गाडी कडेला लावली, शर्टाची बटणं लावली, लायसन आणि सगळे कागद घेऊन तो गल्ल्यापाशी आला आणि हळू आवाजात त्याने विचारलं, कॅमेऱ्यात आलो ना, चालान कितीचं झालं? ओमेश्वरीने डोळ्याकडे पाहिलं, ड्रायव्हरकडे पाहिलं. "चालान नहीं कटता," ती म्हणाली, "खाना मिलता है." त्या माणसाला इतकं हायसं वाटलं, की तो दोघांचं जेवला.

मग रोजचंच झालं. दोन्ही बाजूंचे ट्रक डोळ्याला घाबरून हळू व्हायचे, हळू झाले की फोडणीचा वास लागायचा, आणि वास लागला की माणूस उतरायचाच. खाटा कमी पडू लागल्या. दुर्गाप्रसाद शेतीचं नाव विसरून कांदे कापू लागला. चुन्नीलालने तक्रार केली.

एके दिवशी जीपमधून एक साहेब आले. बघायला गर्दी जमली. साहेबांनी कडक आवाजात विचारलं, की हा डोळा कोणाच्या परवानगीने लावला, लोकांना तो सरकारी कॅमेरा वाटतो.

"मी कुठं लिहिलं सरकारी म्हणून?"

"लिहिलं नाही. पण वाटतो ना."

"लोकाईले काय वाटते, त्याची परवानगी मी कुठून आणू, साहेब?" मग तिने जीपमध्ये बसलेल्या साहेबांकडे नीट पाहिलं. "तुम्ही हा सीटचा पट्टा कुठं लावला, तेवढं सांगा."

साहेबांनी पट्टा सारखा केला. त्यांचा ड्रायव्हर सरळ माणूस होता. तो म्हणाला, आता त्या वळणावर, डोळा दिसल्यावर. गर्दी हसली, साहेबही हसले, चहा प्यायले आणि खाली मोठ्या अक्षरांत ढाबा असं लिहा एवढं बजावून गेले. ओमेश्वरीने माणसाच्या उंचीची अक्षरं लिहून घेतली. दोन दिवस ती अशी चालत होती, की हायवे तिच्याच नावावर आहे.

तिसऱ्या सकाळी चोरखमाऱ्याकडचा एक ऑटो एका म्हातारीला ढाब्यापुढे सोडून निघून गेला. म्हातारीचं नाव रामकली. ती चाचपडत खाटेवर बसली आणि डॉक्टर कधी येतात म्हणून विचारू लागली. गावात कोणीतरी तिला सांगितलं होतं, की हायवेवर डोळ्याचा दवाखाना निघाला, बाहेर भला मोठा डोळाच लावून ठेवलाय.

साहेबाला पाणी पाजलेली ओमेश्वरी कमरेवर हात ठेवून पुढे आली. "अवो आजी, हा ढाबा आहे. एवढ्या मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं, तुमाले दिसून नाही राहिलं का?"

"दिसलं असतं, तं मी इथं कायले आली असती, बाई?"

 चुन्नीलालला, दिल्लीला, जीपवाल्या साहेबाला पुरून उरलेल्या ओमेश्वरीचे कमरेवरचे हात खाली आले. ती आत गेली आणि गरम भात, डाळ वाढून घेऊन आली.

रामकलीने ताट चाचपलं, वास घेतला आणि समाधानाने विचारलं, "अन् डोळ्यातलं औषध जेवणाच्या अगोदर टाकते का मंग?"